पहिली वीस मिनिटं

मी कॅमशाफ्ट बोलतोय. जीप उभी आहे तोवर ऐका. इंजिन चालू झालं की मला बोलायला सवड नसते.

मी लोखंडाचा हातभर दांडा. अंगावर उंचवटे. मी फिरलो की ते इंजिनाच्या झडपा उघडतात आणि मिटू देतात. गाडीनं श्वास कधी घ्यायचा, ते मी ठरवतो. लोक बोनेट पुसतात, मला कुणी बघत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

वडगावला कैलास मिस्त्रीच्या फळीवर आम्ही दोन कॅमशाफ्ट होतो. दोघंही जादा ताकदीचे, पण माझा शेजारी शर्यतीच्या गाडीतला. एक दिवस कुरवंड्याची पायल नवऱ्याला, सत्यमला घेऊन आली. ती जुन्या पेट्रोल जीपमधून पर्यटकांना डोंगरावर नेते. जीप चढावर दोनदा दम तुटून बसली होती. सासरे सोपानआबा म्हणाले होते, "अजून एकदा बसली, की विकली."

सत्यमनं शेजाऱ्याला उचललं. "हाच घेऊ. आवाज असा येईल, आख्खा लोणावळा वळून बघंल."

"मला लोणावळा वळवायचा न्हाई," पायल म्हणाली. "आठ माणसं वर न्यायचीत."

"मग हा घ्या," कैलासनं मला पुढं केलं. "तो गाडी सुसाट सुटल्यावर जोर धरतो. हा हळू चालीतच ओढतो. पण पहिल्यांदा चालू केली की वीस मिनिटं रेस सोडायची न्हाई. मंद झाली तर तेल नीट पोचत न्हाई, हा झिजतो. मग गेला कामातनं."

रविवारी तो अवजारं घेऊन कुरवंड्याला आला. जुना झिजका दांडा काढला. मला काळं ग्रीस चोपडून अलगद आत सरकवलं, गिअरच्या खुणा जुळवल्या, इंजिन हातानं फिरवून पाहिलं. उतावळा माणूस मला खपत नाही. कैलास तसा नव्हता.

पायलनं चावी फिरवली आणि रेस दाबून धरली. कोंबड्या उधळल्या. सासूबाई विठाबाई तबक घेऊन आल्या.

"बंद कर गं, नारळ फोडायचाय."

"न्हाई आत्याबाई."

"मग बारीक तरी कर."

"बारीकबी न्हाई."

शेजारचा गेणू म्हणाला, "आबा, सुनेचा पाय अडकला वाटतं."

आबा ओट्यावरून उतरले. "सूनबाई, बंद."

त्या घरात आबांचा शब्द कुणी मोडत नाही. मी आत तापलो होतो. तिचा पाय ढळता, तर तिथंच संपलो असतो.

"आबा, वीस मिनिटं भरायच्या आत बंद केली तर उद्या खुशाल विका," ती म्हणाली. पाय तसाच.

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं. "विठा, अशीच ओवाळ."

इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. आरती कुणाला ऐकू आली नाही. सगळ्यांनी टाळ्या मात्र वाजवल्या.

वीस मिनिटं भरली. आबा स्वतः पुढच्या सीटवर बसले. मागं घरचे, गेणू, कैलास आणि गेणूची दोन पोरं. सगळी मिळून आठ माणसं. जीप जिथं बसायची, तो चढ आला. पायलनं गिअर टाकला. मी ओढलं.

"जरा हळू," आबा म्हणाले. "उडवतीस काय आमाला?"

वर सपाटीवर गाडी थांबली. आबा उतरले, मिशीवरून हात फिरवला. "आता तरी बंद कर."

तिनं केली. विक्रीचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्याला दोन पावसाळे झाले. माझे उंचवटे अजून शाबूत आहेत. माझा भाईबंद बसवाल, तेव्हा आवाज बघू नका, आपला रस्ता बघा. आणि पहिली वीस मिनिटं त्याला द्या. पुढची वर्षं तो देईल.

पायल आली. मागं पाव्हणे बसतायत. बोलणं पुरे.