हिरव्या पेन्सिलीच्या खुणा

धाकटीला एका ऑडिट फर्ममध्ये उन्हाळ्याचे दोन महिने काम शिकायला मिळालं, तेव्हा तिला त्या फर्मची मालकीच मिळाल्यासारखे घरातले सगळे वागायला लागले. मामाने तिथे शब्द टाकला होता, आणि मामाने कुठे शब्द टाकला की पुढे वर्षभर तो त्याची आठवण करून देत असतो. "काम नीट केलंस तर पुढच्या वर्षी नोकरीच देतील," तो म्हणाला, "फक्त माझं नाक कापू नकोस." वडील शिंपी. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवलेल्या त्या माणसाने लेकीसाठी दोन शर्ट शिवले आणि खिसा मुद्दाम मोठा ठेवला. "पेनं लागतील तुला," म्हणाले.

पेनं ती पहिल्याच दिवशी घरी विसरली.

तिला पाठवलं होतं पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. लांबलचक पत्र्याची खोली, छताला एकच कुरकुरणारा पंखा, आणि दोन्ही भिंतींना रॅक. बेअरिंग, वॉशर, रबरी रिंगा, बोल्ट. प्रत्येक खणावर पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात नाव. ते अक्षर स्टोअरकीपरचं. सगळे त्यांना स्टोअरकाका म्हणत. सव्वीस वर्षं त्याच खोलीत काढलेला माणूस, नाकासमोर चालणारा, आणि बोलायला लागला की दुपार संपवणारा.

धाकटी खिसे चाचपत उभी राहिलेली त्यांनी पाहिली. काही न विचारता त्यांनी खोक्यातून एक हिरवी पेन्सिल काढून तिच्या हातात दिली, आणि मग शर्टाच्या खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

"पेन्सिलसुद्धा लिहायची?" तिने हसून विचारलं.

"वस्तू दाराबाहेर गेली की लिहायची. मग ती पेन्सिल असो नाहीतर मोटर."

"आणि मी परत दिली नाही तर?"

"तर माझ्या स्टोअरमध्ये एक पेन्सिल कमी," काका म्हणाले. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मजेत गेले. ती माल मोजायची, कागदाशी ताडून बघायची, जुळला की हिरवी खूण करायची आणि शेजारी आपलं आद्याक्षर. काका शिडी धरायचे, चहा मागवायचे, आणि कुठल्या पंपाने कुठल्या साली दगा दिला ते सांगायचे. अशाच एका चहाच्या वेळी त्यांनी ती खिशातली वही तिच्यापुढे ठेवली. मोठ्या अभिमानाने ठेवली, हे विशेष.

नियम असा होता की सुपरवायझरची सही असलेली चिठ्ठी आल्याशिवाय एक बोल्टसुद्धा बाहेर द्यायचा नाही. आता मशीन बंद पडलं की फिटर धावत येणार, आणि सुपरवायझर असणार दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये. मग काका वस्तू देऊन टाकायचे, वहीत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहीची चिठ्ठी मागून घ्यायचे. चिठ्ठीवर तारीख मात्र आदल्या दिवशीची.

"बघ जुळवून," काका म्हणाले. "कुठलंही पान काढ."

तिने एक पान काढलं, मग दुसरं, आणि मग तिला नादच लागला. तीन दिवस बसून तिने अडुसष्ट नोंदी तपासल्या. वहीतली नोंद, चिठ्ठी आणि रॅकवरचा शिल्लक माल, असं तिन्हीकडून. एक वॉशर इकडचा तिकडे नव्हता. प्रत्येक नोंदीपुढे तिने हिरवी खूण केली आणि स्वतःच्या कागदावर लिहून ठेवलं की अडुसष्टपैकी अडुसष्ट जुळल्या.

फर्ममध्ये तिच्या वरच्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी तिचे कागद चाळले आणि चिठ्ठ्यांच्या तारखांपाशी थांबल्या.

"माल आधी, चिठ्ठी नंतर? हे तू शोधलंस?"

शोधलं कसलं, काकांनी स्वतः ताटात वाढून दिलं होतं. पण धाकटीच्या तोंडून "हो" गेलं. पहिल्यांदाच मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं होतं, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"छान. मुद्द्याचं तेवढंच लिही. जुळलेल्या गोष्टींचं पुराण कोणी वाचत नाही."

मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या. अडुसष्ट नोंदींचा कागद फाडून टाक, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. तो धाकटीनेच कागद कापायच्या यंत्रात घातला. फाईल सुटसुटीत दिसावी म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण तिला ठाऊक होतं. तो कागद मागे असला की तिचा शोध अगदीच किरकोळ दिसत होता.

अहवालात एक ओळ गेली, की स्टोअरमधून मंजुरीशिवाय माल बाहेर जातो आणि मागाहून मागच्या तारखेची कागदपत्रं बनवली जातात. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मॅडमनी ती ओळ सगळ्यांसमोर वाचून दाखवली, मामाला फोन गेला, आणि मामाने तो फोन किती नातेवाइकांना ऐकवला त्याची गणतीच नाही.

आठवड्याने कारखान्यात बैठक झाली. एका बाजूला कारखान्याचा मॅनेजर, मधे मॅडम, कोपऱ्यात धाकटी. काका उभेच होते. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

"सव्वीस वर्षांत या वहीच्या आडून काय काय गेलं असेल, देव जाणे," मॅनेजर म्हणाला.

काका चिडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा निवांत होता, घरचं माणूस समोर बसलेलं असावं तसा. त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली. "साहेब, चिठ्ठी नंतर घेतली ही माझी चूक. पण माल गेलेला नाही. या पोरीने तीन दिवस बसून एकूण एक नोंद ताडून पाहिली आहे. या बघा तिच्या खुणा. विचारा तिला."

मॅडमनी वही धाकटीपुढे सरकवली. "या खुणा तुझ्या?"

पानभर हिरव्या खुणा होत्या, आणि प्रत्येकीपुढे तिचं आद्याक्षर. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तो कागद कुठे आहे? केलेल्या तपासणीचा कागद नष्ट करणं, ऑडिटमध्ये याहून मोठं पाप नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तिला. नोकरी तर जाईलच, वर मामाचं नाक.

"आठवत नाही," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते आता ओरडतील असं तिला वाटलं, आणि ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"असू दे, पोरी," ते म्हणाले. "दिवसाला शंभर कागद बघतेस तू. कुठला कुठला लक्षात राहणार." आणि मॅनेजरकडे वळून म्हणाले, "तिला नका यात ओढू साहेब. लहान आहे."

पुढच्या सोमवारी काकांना घरी बसवलं. चोरीचा आरोप कागदावर कुठेच नव्हता. तो फाटकापासून कँटीनपर्यंत नुसता तोंडी फिरत राहिला, आणि तोंडी फिरणारा आरोप खोडायचा कुठे?

धाकटी त्या दिवसांत घरी जेवताना गप्प असायची. "कामाचा ताण असेल," आई म्हणायची. वडील काही म्हणत नसत. एकदा तिच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणी काही बोललं का तुला?" ती नाही म्हणाली. कोणी काही बोललं नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

शेवटच्या दिवशी तिच्याकडे फायली लावायचं काम आलं. कारखान्याच्या फाईलला, बैठकीत ठेवून घेतलेली काकांची वही दोऱ्याने बांधलेली होती. बघू नये असं ठरवूनही तिने ती उघडली. हिरव्या खुणांची पानं भराभर उलटली आणि पुढे गेली, तर ती आली त्या दिवसाच्या पानावर टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती. "हिरवी पेन्सिल, नग एक. ऑडिटच्या मुलीला. परत यायची." त्या ओळीपुढे कसलीच खूण नव्हती.

वही तशीच हातात घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम तिच्याच प्रमाणपत्रावर सही करत होत्या.

"मॅडम, त्या खुणा माझ्या होत्या. सगळं जुळलं होतं."

मॅडमचं पेन थांबलं नाही. "माहीत आहे मला. या फर्ममध्ये हिरव्या पेन्सिलीने दुसरं कोण खूण करतं?" त्यांनी कागदावर शिक्का मारला. "अहवाल गेला आता. पुढच्या वर्षी ये, जागा आहे."

धाकटी प्रमाणपत्र घेऊन निघाली ती थेट कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तिथे नवा माणूस कॉम्प्युटरसमोर बसला होता. रॅकवरच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढून तिथे छापील पट्ट्या लावल्या होत्या. तिने शर्टाच्या मोठ्या खिशातून पेन्सिल काढली. तासून तासून ती बोटभर राहिली होती.

"ही इथली आहे. जमा करून घ्या."

त्याने पेन्सिल पाहिली, मग यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "आमच्याकडे काही कमी नाही," तो म्हणाला. "ठेवा तुम्हालाच."

तिने काकांचा पत्ता विचारला. तो त्याला माहीत नव्हता, आणि सोमवारनंतर इतक्या दिवसांत तिनेही तो कोणाला विचारला नव्हता. पेन्सिल पुन्हा खिशात घालून ती घरी गेली. दार वडिलांनीच उघडलं, आणि खिशातली पेन्सिल बघून ते खूश झाले.

"बघ," ते म्हणाले, "खिसा मोठा ठेवला ते बरं झालं ना?"