ज्वारीचा फुटवा

सकाळी तिने प्रयोगशाळेतल्या फ्रिजचं दार उघडलं. कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या ज्वारीची पानं पिशवीत जशीच्या तशी होती. गाठसुद्धा सुटली नव्हती. मग काल आपण तपासलं ते काय?

त्याच ज्वारीचा भट्टीत वाळवलेला चुरा, दुसरं काय असणार! चारा संशोधन केंद्रात ती सात वर्षं गवतच वाळवत आली होती. सासूबाई म्हणायच्या, "एवढं शिकलीस आणि गवत वाळवतेस? ते तर ऊनही करतं की!" काल हात सवयीने चालले. पण कोवळ्या फुटव्यातलं विष उष्णतेने उडून जातं, ते ताज्या पानातच तपासायचं असतं, हे नव्या मुलांना तीच शिकवायची. विष असलं की लाल होणारी कागदी पट्टी चुऱ्यावर धरली, ती लाल झाली नाही आणि तिने खुशाल सही ठोकली होती : चरायला सोडण्यास हरकत नाही.

नऊला पाच कमी. गाई नऊला सुटत. गुराखीदादा फोन उचलेनात.

ती पळत सुटली. ज्वारीच्या शेवटच्या प्लॉटपर्यंतचा रस्ता काही केल्या संपेना. पुढच्या आठवड्यात नोकरी कायम होण्याची मुलाखत होती. तीही मध्येच आठवली आणि अशा वेळी आठवली याची तिला लाज वाटली. बारा गाई होत्या. बाराही आडव्या पडलेल्या तिला डोळ्यांसमोर दिसत होत्या.

फाटकाबाहेर गाई उभ्या होत्या. तिने मोजल्या. अकरा.

"दादा, सोडू नका! माझी चूक झालीय, आत विष आहे!"

गुराखीदादांचा चेहरा उतरला. ते आत वळले. ती मागोमाग गेली. ज्वारीत तांबडी गाय गुडघ्यांवर बसली होती. तोंडाला फेस होता आणि ती धापा टाकत होती. कालपर्यंत ही गाय तिच्या खिशात तोंड घालायची.

"एकच का सोडलीत?" तिने कसंबसं विचारलं.

"नव्या रानात मी आधी एकच सोडतो, ताई. भाकड असेल ती. घटकाभर बघतो, मग बाकीच्या." त्यांनी गाईच्या मानेवर हात ठेवला. "आज तुमचा कागद होता. म्हटलं, आता कसली भीती? गाभण आहे बिचारी, कोवळं हिलाच आधी मिळू दे."

तिने फोन करताच जनावरांचे डॉक्टर सुई घेऊन धावत आले, पण शिरेत औषध जाईपर्यंत पाय ताठ झाले होते. फाटकाशी माणसं जमली. संचालक साहेब घाम पुसत ओरडले, "कुणी तपासला होता हा चारा?"

गुराखीदादा खाली बघत राहिले.

तिने हात वर केला, वर्गात करतात तसा. साहेबांनी बघितलं, मान हलवली, डॉक्टरांशी बोलायला लागले. हात खाली घ्यायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.