एकवीस सालची तीट

“काका, दोन मिनिटं थांबा. तुमची दहा वर्षं आत चाललीत,” सत्यम म्हणाला आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपला खुपसून निवांत चहा प्यायला लागला.

बंकटरावांना हे बोलणं मुळीच आवडलं नाही. हा दहा वर्षांचा हिशेब त्यांनी एकेक नोंद करून भरला होता, वीज गेली की वहीत आणि आली की पुन्हा कॉम्प्युटरवर. तो असा बोटभर डबीतून दोन मिनिटांत आत जातो म्हणजे काय? पण मागच्या महिन्यात जुना कॉम्प्युटर धूर सोडून कायमचा गप्प झाला होता, आणि आष्टीजवळच्या बबनरावांच्या दूध डेअरीला हिशेबाचा नवा प्रोग्रॅम घेणं भाग होतं. बीडहून आलेला सत्यम दोन प्रोग्रॅम दाखवणार होता. त्यातला कुठला घ्यायचा ते बंकटराव सांगतील, असं मालकांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

“सव्वीस वर्षं झाली,” बबनराव सत्यमला सांगत होते, “या माणसानं एक रुपया इकडचा तिकडं केला न्हाई. तेनला पसंत ते मला पसंत.”

बंकटराव मान खाली घालून हसले. असं कौतुक ऐकताना मान खाली घालायची त्यांची पद्धतच होती, आणि मान खाली असली तरी कान मात्र टवकारलेले असत.

सत्यमनं दोन्हींतला फरक सांगितला. “पहिला स्वस्तातला, तुमच्या जुन्यासारखाच. मागच्या कुठल्याबी तारखेत जाऊन नोंद बदला, नायतर काढूनच टाका, मागमूस राहत न्हाई. दुसरा महाग हाय. तेच्यात एकदा लिहिलं की लिहिलं. बदललं तर कोणी बदललं, कवा बदललं, आधी काय व्हतं, सगळं राहतं. कंपन्यांना असाच सक्तीचा हाय. तुमची घरची फर्म हाय, तुमच्यावर सक्ती न्हाई.”

“मग कावून पैसे घालायचे?” बबनराव म्हणाले. “पहिलाच घ्या.”

“मामा, बँक कर्ज देताना हिशेब बघणार हाय,” धनश्री म्हणाली. ही त्यांची सून. बी.कॉम. झालेली, आणि दोन वर्षांपासून डेअरीत लक्ष घालणारी. “ज्यात खाडाखोड करता येती असा हिशेब आपण कुणाला दाखवणार?”

“ते बंकटराव सांगतील.”

तेवढ्यात लॅपटॉपवर दहा वर्षं आली. दुसरा प्रोग्रॅम किती हुशार आहे ते दाखवायची सत्यमला घाई झाली होती. “हे बघा, आधी चूक झाली आणि मागून उलट नोंद करून दुरुस्त केली, अशा सगळ्या जोड्या ह्यो शोधून काढतो,” असं म्हणत त्यानं कळ दाबली. पडद्यावर नऊ ओळी उमटल्या.

धनश्री पुढं झुकली. ओळींवरून तिची नजर दोनदा फिरली आणि तिचा आवाज बदलला. “काका, दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकच चूक? आणि ऑडिट झालं की लगेच दुरुस्त?”

बबनरावांनी चष्मा लावला. बंकटरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण भीतीनं नव्हे. चोरून लाडू खाताना सापडलेल्या शहाण्या माणसाची जी गत होते, तशी त्यांची गत झाली होती.

“ती तीट हाय, ताई,” ते म्हणाले.

“काय हाय?”

“तीट. लेकरू देखणं असलं की गालाला काजळ लावत्यात ना, तशी. पहिल्या साली माझ्या हिशेबात एक चूक न्हवती. आपले ऑडिटर मोहनराव तीन दिवस पानं उलटत बसले. चूकच सापडंना म्हणल्यावर तेंचा संशय वाढला. चौथ्या दिवशी चहाची बिलं मागितली. तवापासून मीच एक चूक करून ठिवतो. डिझेल स्टेशनरीत घालायचं, नायतर फोनचं बिल दोनदा लिहायचं. साहेबांना सापडली की साहेब खूश, दुपारचं जेवून अंबाजोगाईला मोकळे. मग मी दुरुस्त करतो.”

बबनराव पोट धरून हसले. सत्यम हसला, आणि हसू दाबायच्या खटपटीत धनश्रीला ठसका लागला. बंकटरावही हसले. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली स्वतःची हुशारी अशी चारचौघांत उघडी पडली, याचा त्यांना खरं तर आनंदच झाला होता.

“दहा वर्षं आणि ओळी नऊच,” धनश्री डोळे पुसत म्हणाली. “एकवीस साली न्हाई का लावली?”

“त्या साली कोरोनात दवाखान्यात पडलो व्हतो. राहून गेली.”

“दवाखान्यात तर तुमी एप्रिलात गेलतात ना? तीट तर मार्चात लावता.”

तिनं सहज विचारलं होतं. “बघतो” एवढंच म्हणून बंकटराव उठले आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडं गेले.

तीट कुठंही लिहून ठेवायची नाही, डोक्यातच ठेवायची, हा त्यांचा नियम होता. आणि त्या साली डोकंच दगा देऊन गेलं होतं. एप्रिलात मोहनराव कोरोनानं गेले आणि त्याच आठवड्यात बंकटराव अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बावीस दिवस ऑक्सिजनवर पडले. घरी आले तेव्हा शेजाऱ्यांची नावंही आठवत नव्हती. नव्या ऑडिटरांनी त्या साली फोनवरूनच कागद मागवले, चार पानं चाळली आणि सही केली. तेव्हा एकवीस साली आपण तीट लावलीच नाही, असं बंकटराव आजवर धरून चालले होते. पण लावली असली तर? ती शोधणारा मेला होता आणि पुसणारा विसरला होता.

त्यांनी गोदामाची वही काढली. ही वही गोदामवाल्याच्या हातची. पेंडीचं कुठलं पोतं कुणाला उधार गेलं, ते तो पेन्सिलीनं लिहायचा. मार्चचा शेवटचा आठवडा आला. अठ्ठावीस तारखेसमोर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘होळी. गोदाम बंद.’

आणि बंकटरावांना दूध घालणाऱ्या साखराबाईचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. “होळीच्या दिशी मी पुरण वाटत बसले व्हते, सायेब. पोती कवा नेली?”

त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी तारीख पुन्हा वाचली.

आता सगळंच आठवलं. “पुढच्या साली तेच ते डिझेल नको हो, काहीतरी नवं दाखवा,” असं मोहनराव आदल्या वर्षी हसत म्हणाले होते. म्हणजे त्यांना तीट माहीत होती. बंकटरावांना तेव्हा कोण हुरूप आला. आजवर तीट कधी माणसाच्या खात्याला लावली नव्हती, ती त्या साली लावली. धुळाजी कोकरे मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेला, तो जूनशिवाय यायचा नाही. घरी दोन म्हशी, त्यांचं दूध बायको साखराबाई घालायची. त्याच्या खात्यावर पेंडीची चार पोती लिहिली, बावन्नशे रुपये. तो यायच्या आत दुरुस्त होणारच होतं.

धुळाजी जूनमध्ये आला, दुधाच्या पैशातून बावन्नशे कापलेले बघितले आणि बायकोला घेऊन ऑफिसात आला. बंकटराव नुकतेच दवाखान्यातून उठलेले, अंगात त्राण नव्हतं आणि जिभेला धार आलेली. साखराबाई पुन्हा पुन्हा सांगत होती की पोती नेलीच नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही वळवला.

“कागद खोटं बोलत न्हाई, साखराबाई,” ते म्हणाले होते. “मी हितं वीस वर्षांवर बसलोय.”

धुळाजीनं त्यांना हात जोडले. मग बायकोकडं वळून, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या रांगेसमोर त्यानं विचारलं, “मग कुठं घातली पोती? भावाला धाडली का?” ती पदर ओढून बाहेर गेली आणि पुन्हा डेअरीची पायरी चढली नाही. म्हशी विकल्या गेल्या. गेल्या उन्हाळ्यात धुळाजी वारला तेव्हा बंकटराव त्याच्या दहाव्याला गेले होते. तिथं जेवले होते, आणि साखराबाईला धीराचे चार शब्दही सांगून आले होते.

“बंकटराव,” बाहेरून मालकांनी हाक मारली. “पोराला बीडला जायचं हाय. सांगा की कोणता घ्यायचा.”

ते वही हातात घेऊनच बाहेर आले आणि खुर्चीत बसले. पहिला म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत चार पोती नाहीशी झाली असती. साखराबाईला पाकीट द्यायचं, जुनी बाकी निघाली म्हणायचं, की विषय संपला. सव्वीस वर्षांच्या अब्रूला ओरखडा आला नसता. मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. त्यांनी सत्यमला पुन्हा एकदा विचारलंसुद्धा, “पहिल्यात एकवीस साली मागं जाता येतं?”

“कवाबी जा, काका. कोणाच्या बापाला कळत न्हाई.”

बंकटरावांनी वहीवरून हात फिरवला.

“दुसरा घ्या, मालक,” ते म्हणाले. “माझ्यासमोर पुसता येईल असं काही ठिवू नका.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. होळी, चार पोती, पडदा वळवला ते, रांग, सगळं. सांगताना पहिल्यांदाच त्यांची मान वर होती आणि ती वर ठेवायला फार कष्ट पडत होते.

बबनरावांचं हसू कधीच मावळलं होतं. त्यांनी चष्म्याची काडी चावली. “पाच हजाराचं काय घेऊन बसलात? मी देतो. आजच धाडू. पण कागदावर कावून आणायचं? उद्या गाव म्हणंल, बबनरावाचा मुनीम खोटी पोती लिहितो. साडेतीनशे लोक दूध घालत्यात आपल्याला. सगळे आपापली खाती घेऊन दारात बसतील.”

“बसू द्या. एकेकाचं दाखवीन.”

“आन् तुमचं नाव?”

“बाई खोटं बोलली असं लोक साडेचार वर्षं म्हणत्यात, मालक. तिच्या नावाचं काय?” बंकटराव म्हणाले. “मला काढून टाकायचं तर टाका. पण हे लिहून जाऊ द्या.”

बबनराव उठले. ते काहीतरी मोठ्यानं बोलणार असं वाटलं, पण ते खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. धनश्रीनं सासऱ्याच्या पाठीकडं बघितलं. मग सत्यमला हळूच म्हणाली, “दुसरा टाका.”

नव्या प्रोग्रॅममधली पहिली नोंद बंकटरावांनी स्वतःच्या नावानं केली. बावन्नशे रुपये धुळाजीच्या खात्याला परत. खाली तपशिलाची जागा होती. दोन बोटांनी टाइप करायला त्यांना पाव तास लागला. ‘दि. २८-०३-२०२१ रोजी धुळाजी कोकरे यांच्या खात्यावर पेंडीची चार पोती मी जाणूनबुजून खोटी लिहिली व दुरुस्त करायची विसरलो. पोती कोणीही नेली नव्हती. साखराबाई खरं बोलत होत्या.’

“काका, तपशिलात एवढं लिहायची गरज नसती,” सत्यम म्हणाला.

“जागा हाय ना?”

“हाय.”

“मग राहू दे.”

दिवस कलायच्या आत ते स्कूटरवरून वस्तीवर पोचले. साखराबाई दारात शेळ्यांना पाला टाकत होती. त्यांना बघून ती उठली, पण बसा म्हणाली नाही. बंकटराव उभ्यानंच बोलले. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं निम्मीच आठवली. पैशाचं पाकीट तिनं घेतलं, न उघडता कमरेला खोचलं आणि त्यांच्या हातातल्या त्या नोंदीच्या छापील कागदाकडं बोट केलं.

“वाचा.”

त्यांनी वाचलं.

“शेवटचं परत वाचा.”

“साखराबाई खरं बोलत होत्या.”

तिनं पाल्याची मोळी खाली टाकली. “तवा कावून न्हाई बघितलं? गोदामाची वही तवाबी व्हतीच की.”

वही तेव्हाही त्याच कपाटात होती, आठ पावलांवर.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले.

“हे पुसता येतं का कुणाला?” तिनं विचारलं.

“न्हाई. मला न्हाई, मालकालाबी न्हाई.”

तिनं कागद त्यांच्या हातातून घेतला, तळहातानं सरळ केला आणि घरात गेली. फळीवर धुळाजीचा फोटो होता, हार वाळून काळा पडलेला. फोटोसमोरचा तांब्या तिनं जरा पुढं ओढला आणि त्याला टेकवून कागद उभा केला, अक्षरं फोटोकडं करून. पडत तर नाही ना, हे बघत ती क्षणभर थांबली.

मग बाहेर येऊन पुन्हा पाला टाकायला लागली. दारात उभ्या बंकटरावांना आतल्या अंधारात कागदाची कोरी पाठ तेवढी दिसत होती.