बंद नळाचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर विहिरीवरचे धूड डोळ्यांसमोर आणू नका. मी ओंजळीत मावेन एवढाच आहे, आणि माझे बिऱ्हाड एका कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बाकाखालच्या कप्प्यात आहे. शेजारी पाण्याची टाकी, समोर पाइपांचे जाळे आणि डोक्यावर बसणाऱ्यांचे वजन. मूर्ती लहान असली, तरी माझ्यावाचून या घरात कोणाला साधी चूळही भरता येत नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगतो.

कारखान्यात माझी तपासणी झाली, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी मला कानाशी धरून म्हटले होते, "आवाज खणखणीत आहे हो याचा!" ते कौतुक मला बरेच दिवस पुरले.

माझे काम सोपे आहे. कोणी नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि मी घुर्र करून जागा होतो. नळ बंद झाला की थोडा जोर लावतो, दाब भरला की गप्प बसतो. मी उगाच तोंड उघडत नाही. नळ बंद असताना मी घुरघुरलो, तर समजावे की पाणी कुठेतरी मुरते आहे.

आमच्या कॅम्परमध्ये तिघे जण राहतात. पहिले मास्तर. हे शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. आयुष्यभर त्यांनी लोकांचे प्रवासाचे कोट शिवले, पण स्वतः गावाची वेस ओलांडली नाही. शिलाई मशीन थांबले, तेव्हा त्यांच्या मुलाने हा कॅम्पर घेतला. या मुलाला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणतो. तिसरी सूनबाई. गाडी सुटली की मास्तर खिडकीपाशी बसत आणि दिसेल त्या टेकडीला "वा!" म्हणत. चिरंजीव हसत, "बाबा, ही तर कालचीच टेकडी, पलीकडून!" त्यावर मास्तर म्हणत, "मग पलीकडूनही वा!"

असे चांगले चालले असताना एका हिवाळ्यात घात झाला. थंडीभर गाडी उभी करून ठेवताना पाइपांतले पाणी काढून टाकायचे असते. चिरंजीव ते काम उद्यावर ढकलत राहिले आणि कडाक्याची थंडी पडली. पाणी गोठले की फुगते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. बेसिनच्या मागे पाइपाचे एक कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, आहे, तिथे केसाएवढी चीर पडली.

थंडी सरल्यावर आम्ही निघालो. चिरेतून थेंबथेंब पाणी जाई, दाब उतरे आणि मी मधूनच घुरघुरे. मला वाटले, आता कोणीतरी विचारेल, काय रे बाबा, काय झाले? चिरंजीव मात्र म्हणाले, "हा पंप म्हातारा झालाय. उगाच कुरकुरतो." आणि त्यांनी माझ्याखाली स्पंजची जाड गादी सरकवली. माझा आवाज तिथेच जिरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

मग मास्तरांच्या बिछान्याशेजारची चटई ओली व्हायला लागली.

"बाबा, रात्री पाणी प्यायलात की नळ नीट बंद करत जा ना," चिरंजीव म्हणाले.

"केला होता रे."

पुन्हा चटई ओली. "बाबा, परत?"

"केला होता बहुतेक... की नाही केला?"

मित्रांनो, तो नळ त्यांनी बंद केलेला होता. मला ठाऊक होते, आणि माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. मास्तर पाणी कमी पिऊ लागले. खिडकीतून बाहेर बघत, पण "वा!" म्हणेनासे झाले. आपले डोके आपल्याला दगा देते आहे, अशी भीती त्यांच्या मनात शिरली होती.

एका दुपारी माझ्याच बाकावर बसून चिरंजीव म्हणाले, "विसरायला लागलेत गं बाबा. उद्या गॅस चालू ठेवला तर? पुढच्या वेळी त्यांना ताईकडे ठेवू या."

"अहो, हळू बोला," सूनबाई म्हणाली. पण वाळलेले कपडे घेऊन मास्तर दारातच उभे होते. त्यांनी कपड्यांच्या घड्या घातल्या आणि एकेक आपल्या पिशवीत भरू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा असा संताप झाला, पण स्पंजच्या गादीवर संताप तरी किती आपटणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तळ्याकाठी उभी होती. चिरंजीव पाव आणायला गेले होते. मास्तर बाहेर उन्हात खुर्ची टाकून शर्टाला बटण लावत होते. सूनबाई बाकावर बसून भाजी निवडत होती. नळ बंद होता. तेवढ्यात दाब उतरून माझी घुरघुरायची वेळ झाली. आवाज गादीने गिळला, पण थरथर कशी गिळणार? सूनबाई दचकून उठली. तिने नळाकडे पाहिले, मग खिडकीतून मास्तरांकडे. मी पुन्हा थरथरलो, तशी तिने बाकाची फळी उचलली आणि ती गादी ओढून काढली. मी कधी नव्हे एवढा मोठ्याने घुरघुरलो.

"बाबा, जरा आत येता? नळ कोणी उघडला होता?"

मास्तर घाबरेघुबरे झाले. "मी नाही गं. मी तर बाहेर बसलो होतो."

"तेच तर म्हणतेय मी. तुम्ही बाहेर होतात."

चिरंजीव आले, ऐकले आणि लगेच पाना घेऊन बिछान्यापाशी बसले. जिथे ओल तिथे चोर, असे समजून त्यांनी तिथला सांधा करकचून आवळला. थेंब काही थांबेना.

"थांब," मास्तर म्हणाले. "पाणी पाइपावरून ओघळत येत असेल. कापडावर तेल सांडतं एकीकडे, डाग दिसतो भलतीकडे." त्यांनी आपला जुना फिका निळा शर्ट घेतला आणि टर्रकन त्याच्या सरळ चिंध्या फाडल्या. हा रंग ओला झाला की गडद होतो. सगळे पाइप पुसून त्यांनी प्रत्येक सांध्याला एक चिंधी बांधली, एक नळाच्या तोंडालाही बांधली. मला चालू केले आणि तिघे चहा पीत बसले.

मग मास्तर बोटांनी एकेक चिंधी चाचपू लागले. बिछान्यापाशी ओली. तिच्या वरची ओली. बेसिनमागच्या कोपराची तर चिंब. त्याच्या पलीकडची कोरडी. चोर सापडला होता. तरी मास्तर थांबले नाहीत. नळाच्या चिंधीला त्यांनी हात लावला, पुन्हा लावला.

"नळ कोरडा आहे," ते म्हणाले.

चिरंजीव खालीच बसले. "चुकलं माझं, बाबा."

"म्हणजे मी विसरत नाहीये ना रे?"

"नाही, बाबा. गाडीच गळत होती."

त्या दिवशी मला बंद करून, नळातून उरलेला दाब सोडून त्यांनी ते कोपर कापून काढले आणि नवे बसवले. कोरड्या चिंध्या बांधून पुन्हा तपासले. सगळ्या कोरड्या निघाल्या. ताईकडे ठेवण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मित्रांनो, थंडीआधी पाइप रिकामे करा, आमच्यासारख्यांची कुरकुर ऐका, हे मी सांगणारच. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. पाइप एका दिवसात बरा झाला, मास्तर मात्र अजून पुरते बरे झालेले नाहीत. नळ बंद करून ते दोन पावले जातात, थांबतात, मागे येऊन हात लावून पाहतात. नळ बंदच असतो. मी गप्प असतो ना, म्हणून मला कळते. पण गप्प राहून मी त्यांना ते सांगू कसे? तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात असे कोणी मागे वळून पाहत असेल, तर जवळ जा आणि सांगा, "बंद केलाय तुम्ही. मी पाहिलंय."