शेगडीजवळचं तेल

भाऊजी तेलाची परीक्षा बोटांनी घ्यायचे. गॅरेजच्या ऑफिसातल्या शेगडीशेजारी डबा ठेवलेला असायचा. त्यात अंगठा बुडवायचा, तर्जनीवर घासायचा आणि समोरच्या ड्रायव्हरला दाखवायचं, "बघ, कसं धरून ठेवतंय. तेल असावं तर असं जाड!"

त्यांची धाकटी मेव्हणी त्याच गॅरेजात इंजिनं उघडायची. गॅरेज तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या हाती आलं. थंडीत पातळ तेल घाला, असं ती दर वर्षी सांगायची. गारठलेलं जाड तेल वर चढायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड कोरडं घासतं.

"शेगडीजवळ काय बघता, भाऊजी? रात्रभर डबा बाहेर ठेवा आणि मग बघा."

"पाणीच घालतो ना मग. त्याहून पातळ काय?"

ड्रायव्हर हसायचे.

मागच्या हिवाळ्यात एका टॅक्सीचं इंजिन जाम झालं. तेल भाऊजींनी स्वतः घातलं होतं, शेगडीजवळच्याच डब्यातलं. चार ड्रायव्हरांसमोर ते म्हणाले, "हिचा प्रताप. पाण्यासारखं तेल घालते." ताई दारात उभी होती. तिला खरं माहीत होतं. त्या दिवशी धाकटीला गॅरेज बंद झालं. वडिलांचे पाने तेवढे तिने उचलले आणि रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड धरली.

या हिवाळ्यात भाऊजींनी बंद गाड्या ओढणारा ट्रक घेतला. होतं नव्हतं ते त्यात घातलं. रोज सकाळी ते तो चालू करत आणि इंजिन गरम व्हायची वाट न पाहता ॲक्सिलरेटर दाबत, सगळ्या रस्त्याला कळावं म्हणून. पलीकडे ती हातातलं काम थांबवून ऐकायची. आधी खडखड, मग ती विरायची. दिवसेंदिवस ती जास्त टिकू लागली. पुढे एके दिवशी खडखड इंजिन गरम झाल्यावरही थांबेना. त्या दिवशी तिने स्वतःसाठी दुसरा चहा केला.

ताई रस्ता ओलांडून आली. "अगं, तो आवाज बरा नाही ना? सांग ना यांना."

"सांगितलं होतं."

"पुन्हा सांग. आपलंच माणूस आहे."

"मागच्या वर्षी मीही आपलीच होते, ताई. तू तोंडात गुळणी धरून उभी होतीस. आता माझी पाळी."

ऐन कडाक्याच्या सकाळी इंजिन जाम होऊन ट्रक फाटकातच अडकला. ना पुढे, ना मागे. दुपारपर्यंत सगळे उपाय थकले, तेव्हा भाऊजी शेडच्या दारात आले.

"एकदा उघडून बघ. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

"उघडते. आधी टॅक्सी कुणाच्या तेलाने गेली, ते टॅक्सी स्टँडवर जाऊन सांगा. त्याच चौघांना."

"घरातली गोष्ट घरात ठेवू या ना."

"बाहेर तुम्हीच नेलीत."

भाऊजी स्टँडवर गेले, मागोमाग तीही. खाली बघत पुटपुटले. एक ड्रायव्हर म्हणाला, "मोठ्याने बोला की शेठ! सकाळी ट्रकवर बसल्यावर कसा आवाज चढतो!" मग त्यांना पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

परत येऊन तिने इंजिन खालून उघडलं. तेलात धातूचा चुरा चमकत होता. बेअरिंगं आतल्या तांब्यापर्यंत झिजली होती, क्रँकच्या दांड्यावर नख अडकेल एवढे खोल चरे पडले होते.

"होईल ना दुरुस्त?"

"नाही. गरम झाल्यावरही खडखड थांबेना, तेव्हाच संपलं होतं."

"मग मला चारचौघांत का..."

"उघडते म्हणाले होते, भाऊजी. उघडलं."

ते फाटकाला टेकून खाली बसले. ताई पुढे आली. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो. आणि मागच्या वर्षी तुला."

ताई काही बोलली नाही. ती सवय तिला होतीच. धाकटीने वडिलांचे पाने पुसले आणि रस्ता ओलांडला.