नळीवरचा सात

शस्त्राला हात लावण्याआधी माणसाने पूर्वजांचं स्मरण करावं, असं अर्बाब सालिम नेहमी सांगायचे. त्यांच्या आजोबांची बंदूक वर्कशॉपमध्ये आली तेव्हा ती कांद्याच्या पोत्यात गुंडाळलेली होती आणि नळीत एक मेलेली पाल होती.

साल १९९८. आखातात, रुस्ताकच्या बाजारामागे आमचं वर्कशॉप. खजुरीच्या बागांचे पाण्याचे पंप दुरुस्त करणं हा धंदा. लेथवर तय्यब, दापोलीकडचा, अकरा वर्षं. ऑफिसात मी, वसईचा टेरेन्स, बी.कॉम. पत्रं टाइप करायची, सरकारी खेटे घालायचे आणि मालकाने, म्हणजे अर्बाबने, काही विचारलं तर ठाम उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर असावं अशी अट कधी कोणी घातली नव्हती.

अर्बाबची अडचण साधी होती. कोल्हा शेळ्या नेत होता आणि बंदूक पिकअपच्या सीटमागे मावत नव्हती. वीतभर जास्त होत होती.

“तय्यब, इतना काटो,” त्यांनी हाताने माप दाखवलं. “मुश्किला माफी.” म्हणजे काही अडचण नाही.

तय्यबने पाल काढली, नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावला आणि बंदूक परत पोत्यावर ठेवली. त्याच्या बापाकडे गावी डुकरं हाकायला परवान्याची बंदूक होती. त्यामुळे तो या विषयात आमच्या दोघांपेक्षा शिकलेला होता.

“टेरीभाय, समजवा याला,” तो मला म्हणाला. “नळीच्या तोंडाशी भोक थोडं आवळलेलं असतं. म्हणून छर्रे एकत्र जातात. तेवढंच कापलं तर कोल्हा सोडून सगळ्या शेळ्यांना लागतील. कंपनीची आखूड नळीची बंदूक मिळते, तिचं तोंड आवळूनच आलेलं असतं. ती घे म्हणावं. आणि कागदावर या बंदुकीची लांबी लिहिलेली असणार, ती काय मी वाढवून देऊ नंतर?”

मी अर्बाबना हे सगळं सांगितलं. ते विचारात पडले. त्यांना पटत होतं, हे मला आजही आठवतं.

“नया बंदूक, नया परवाना,” ते म्हणाले. “टेरेन्स, कितना दिन?”

मी कोणाला विचारलं नव्हतं. ऑगस्ट संपत आला होता, बाहेर लोखंडाला हात लावता येत नव्हता आणि आमच्या व्हॅनचा एसी बंद होता. खेटे मलाच घालावे लागणार होते.

“एक साल,” मी म्हणालो. “इन्शाल्ला.”

“बी.कॉम.वाले,” तय्यब हळूच म्हणाला, “तुमचं साल कुठल्या कॅलेंडरातलं?”

“सरकारी.”

अर्बाबनी मग खिशातून पेन काढलं. तय्यबला राजधानीत, कुरुममधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. बिल्डिंगची देखभाल, वर फॅमिली व्हिसा. बायको बिलकीस आणि नऊ वर्षांची निदा इकडे येऊ शकणार होत्या. निदाच्या वयाइतक्या काळात त्याने तिला एकूण आठ महिने पाहिलं होतं. अडलं होतं फक्त रिलीजवर. जुन्या मालकाने ‘माझी हरकत नाही’ असं सही करून दिल्याशिवाय नवी नोकरी नाही. कागद चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता, आणि अर्बाबना लेथवरचा हात सोडवत नव्हता.

“तू काटेगा, मैं साइन करेगा. आज. खलास.”

तय्यबने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरमधून कागद काढून दिला. मदत म्हणून.

काम त्याने सुरेख केलं. दुपारच्या जेवणाआधी नळीचं तोंड आरशासारखं झालं होतं. आमच्याकडे एक शिस्त होती: लेथवरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्यावर कारागिराने आपला नंबर ठोकायचा, म्हणजे पंप परत आला तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळतं. तय्यबचा नंबर सात. अकरा वर्षांत हजारो शाफ्टवर ठोकला, तसाच त्याने तो नळीच्या खालच्या बाजूला ठोकला. एकच घाव, सरळ. मी पाहत होतो. मला ते नीटनेटकं वाटलं.

अर्बाबनी सही केली. गावी बिलकीसने निदाच्या शाळेचा दाखला काढून घेतला.

तीन आठवड्यांनी जुन्या परवान्याचं नूतनीकरण आलं. कुरुमचे कागद अजून फिरत होते. पोलिसांच्या टेबलावर अर्बाबनी बंदूक ठेवली. तिथल्या माणसाने टेप लावला, कागद पाहिला, पुन्हा टेप लावला. मग बंदूक उलटी केली आणि सात कोण म्हणून विचारलं.

अर्बाब घाम पुसत परत आले. “टेरेन्स, लिखो. मैं पॉलिश के लिए दिया. इसने अपने मन से काटा.”

मी लिहिलं. इंग्रजीत ते आणखी सभ्य वाटत होतं. तय्यब लेथवरून दारात येऊन उभा होता.

“काय लिवलंव?”

“पॉलिशला दिली होती म्हणून.”

“पॉलिश तर केलीच होती,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तासाभरात त्याला नेलं. तीन महिने आत, मग थेट विमानतळ. पासपोर्टवर शिक्का, पुन्हा येणं नाही. बिलकीसला फोन मी केला, कारण अर्बाबना मराठी येत नव्हतं. ती मग म्हणाली, “म्हणजे दाखला शाळेत परत देऊ?”

“द्या,” मी म्हणालो.

जानेवारीत अर्बाबनी दुकानातून कंपनीची आखूड बंदूक घेतली. परवान्याचा अर्ज मीच टाइप केला आणि मीच नेऊन दिला. परवाना नऊ दिवसांत आला. त्यातले दोन सुट्टीचे होते.