बाहेरची कडी

मी ताईची स्कूटर बोलतेय. हो, तीच निळी, डाव्या अंगाला खरचटलेली. ते ओरखडे ताईचे नव्हेत बरं का. एका हातगाडीनं मला उभ्या जागी घासलं. ताईचा हात तर गाडीवर असा साफ, की खड्डासुद्धा मला विचारून यायचा.

कारखान्यात माझ्यासारख्या ढीगभर होत्या. रंग तेवढा वेगळा, बाकी सगळ्या सख्ख्या बहिणी. ताईला पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची नोकरी लागली आणि तिच्या बाबांनी मला घरी आणलं. स्वतः मात्र माझ्यावर बसायला जाम घाबरायचे. "मी आपला पायी बरा," म्हणायचे. माझ्या डिकीत कायम ओला टॉवेल, शिट्टी आणि क्लोरीनचा वास. मला तो वास आवडायचा. माझ्या लेखी माणसाचा वास म्हणजे तोच.

मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा देखणा, चांगल्या नोकरीतला, मृदू बोलणारा. "आवाज चढवणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही त्याला," ताईची आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. खोटं नव्हतं ते. त्यानं आवाज कधीच चढवला नाही.

लग्नाला अजून काही महिने होते. हॉल बघणं, कपडे शिवणं, फोटोवाला, फुलवाला, सगळी पायपीट माझ्या चाकांनी केली. पुढे ताई, मागे धाकटी बहीण, मध्ये पिशव्या. दोघी इतक्या खिदळायच्या की सिग्नलला लोक वळून बघायचे.

त्याच्याबरोबर पहिल्यांदा निघालो त्या दिवशी त्यानं ताईच्या हातातून किल्ली घेतली. "मी चालवतो." बसल्या बसल्या माझे दोन्ही आरसे स्वतःकडे वळवून घेतले. ताईला झाडांखालचा मोकळा हॉल आवडला होता, त्यानं दुसराच ठरवला. "तिथं डास असतात. तुझ्याचसाठी म्हणतोय." ताईनं निवडलेला रंग बदलला. "तुला गडद शोभत नाही. तुझ्याचसाठी म्हणतोय." पुढे तलावावरच्या मैत्रिणींना बोलवायचं नाही असंही ठरलं. ते नेमकं कुणी ठरवलं, हे ताईलाही आठवत नव्हतं.

"तो चुकीचं काही बोलत नाही गं," ती बहिणीला म्हणाली, "पण दर वेळी मीच कशी चुकते?"

एकदा ताई टेलरकडे आत गेली होती. त्यानं माझी सीट उचलली आणि टॉवेलाखाली, अगदी तळाशी, काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवली. मी ओरडले असते. पण हॉर्नवाचून मला आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याच्या बोटात.

त्यानंतर फोन येऊ लागले. "पेट्रोल पंपावर एवढा वेळ काय करत होतीस?" "आज त्या रस्त्यानं का गेलीस?"

"तुला कसं रे कळतं सगळं?" ताई हसून विचारायची.

"जीव लावला की कळतं."

लग्नानंतर राहायचं घर त्यानं आधीच घेऊन ठेवलं होतं. पडदे लावायला म्हणून दोघी बहिणी किल्ली घेऊन गेल्या. मी खाली उभी. दोघी जिन्यातून उतरल्या. धाकटी म्हणाली, "ताई, आतल्या खोलीला बाहेरून कडी का आहे गं?"

"आधीच्या लोकांनी लावली असेल. त्यांच्याकडे कुत्रं होतं म्हणे."

"नवी कोरी आहे ती. खाली लाकडाचा भुसा पडलाय अजून."

ताईनं मला किल्ली लावली, पण सुरू केलं नाही.

संध्याकाळी तो आला, तेव्हा तिनं विचारलंच. माझ्या सीटला टेकून तो उभा होता. "ती कडी होय?" तो हसला. "तू चिडलीस की तुला काही सुचत नाही. शांत बसायला एक जागा हवी ना तुला?"

ताईचा हात माझ्या हँडलवर होता. बुडणाऱ्या पोरांना वर खेचणारा हात तो. तिनं किल्ली काढून मुठीत आवळली.

"चेष्टेत बोलला असेल," आई म्हणाली. "पत्रिका वाटून झाल्यात. आता नसतं खूळ डोक्यात घेऊ नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून खाली आले आणि चक्क माझ्या मागच्या सीटवर बसले.

"चल. मला ती खोली दाखव."

वाटभर त्यांनी ताईचा खांदा गच्च धरला होता. वर गेले आणि लगेच खाली आले. "दाराला आतून कडीच नाही," ते म्हणाले. "आणि खिडकीची मूठ काढून टाकलीय."

तेवढ्यात त्याची मोटार फाटकातून आत आली. आम्ही इथं आहोत हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही इथं? सांगायचं ना, मीच घेऊन आलो असतो."

"तुम्हाला कसं कळलं आम्ही इथं आहोत?"

त्याची नजर क्षणभर माझ्या सीटकडे गेली. ताईनं ती टिपली. सीट उचलून टॉवेल फेकला, शिट्टी फेकली, तळ चाचपला आणि ती डबी ओरबाडून काढली. बाबांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमची. हे लग्न होणार नाही."

"लोक काय म्हणतील, याचा जरा विचार करा," तो शांतपणे म्हणाला. "नाव मुलीचंच खराब होतं."

"म्हणू देत." बाबांनी माझी सीट धाडकन बंद केली. "लोकांना त्या खोलीत राहायचं नाहीये."

लोक म्हणालेच. आईनं कितीतरी दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही. ताई पुन्हा तलावावर जाऊ लागली. तो एकदाही भांडायला आला नाही. फक्त अधूनमधून संध्याकाळी तलावासमोर त्याची मोटार उभी असायची, दिवे बंद, इंजिन चालू. पुढे तीही दिसेनाशी झाली. ताईला हायसं वाटलं. मला नाही. मांजर आपल्या दाराशी यायचं थांबलं, म्हणजे त्याचं दूध सुटलं असं थोडंच असतं!

आज दुपारी परतताना आम्ही सिग्नलला थांबलो, तर शेजारी तीच मोटार. तो चालवत होता. शेजारच्या सीटवर एक मुलगी, मांडीवर कापडाच्या दुकानाच्या पिशव्या. हातवारे करत काहीतरी मजेचं सांगत होती. तो मृदूपणे मान हलवत ऐकत होता. मग त्यानं बटण दाबलं आणि तिच्या बाजूची काच वर सरकली. ती बोलायची थांबली.

दिवा हिरवा झाला. आमचं घर डावीकडे. ताईनं हँडल वळवलं नाही.

आता मी त्या मोटारीच्या मागे धावतेय. माझं वय झालंय, चढाला धाप लागते, पेट्रोलचा काटा खाली टेकलाय. पोरी, तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पुढच्या सिग्नलला आम्ही तुला गाठतोय. माझा हॉर्न ऐकू आला तर तेवढी काच खाली कर गं.